खाडाखोड

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या मुदतीने मी न्यू जर्सीस गेले, तेव्हा माझ्या सेवानिवृत्तीला पुरते वर्षही झाले नव्हते; आणि तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षे फेरफार नोंदी, वारस नोंदी व कमी-जास्त पत्रके यांच्या चळतींत बसून डोळ्यांना जी एक सवय जडते, म्हणजे कोणताही कागद समोर आला की त्याचा अर्थ लावण्याआधी त्यात कोठे अक्षर गिरवले आहे, कोठे आकडा फिरवला आहे, कोणत्या दोन नोंदींचा मेळ बसत नाही हे पाहण्याची सवय, तिला त्या नव्या, स्वच्छ, बिनकागदाच्या घरात काही काम उरले नव्हते. नातू दिवसा झोपे आणि रात्री जागे. दोन वाजल्यापासून पहाटेपर्यंत त्याला मांडीवर घेऊन बसण्याचे काम मी आपणहून पत्करले होते, कारण लेकीला झोपेची गरज होती आणि जावईबापूंना सकाळी सातलाच घर सोडावे लागे. बाहेर बर्फ पडत असे, आत एक मंद दिवा, आणि मांडीवर टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहणारे सव्वा महिन्याचे मूल.

शेजारच्या घरी साठी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहात. बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांपैकी चार मी त्यांना डब्यातून पाठवले होते. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये हा आपल्याकडचा रिवाज त्यांना कोणी सांगितलेला असण्याचा संभव नव्हता. तरी तिसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन स्वतः आल्या तेव्हा त्यात एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेच्या दहा-बारा तबकड्या होत्या. रात्री तुमच्या खिडकीत दिवा दिसतो, मलाही झोप येत नाही, असे त्या म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या की ही मालिका मी नऊ वर्षांची असताना शाळा सुटल्याबरोबर धावत घरी येऊन पाहात असे, आता तिच्यातल्या सगळ्या चुका मला पाठ आहेत. ‘चुका’ हा शब्द उच्चारताना त्यांच्या मुद्रेवर जो कोवळा, अभिमानाचा भाव उमटला, तो मी आपल्याकडे फक्त नातवंडांची बोबडी वाक्ये सांगणाऱ्या आज्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. त्या रात्री मी पहिली तबकडी लावली.

मालिकेचे नाव ‘डार्क शॅडोज’. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी ती सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली; सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी अर्धा तास. तिचा जन्मदाता डॅन कर्टिस याला म्हणे एके रात्री स्वप्न पडले की एक तरुण मुलगी आगगाडीच्या खिडकीशी बसून कोठेतरी दूर निघाली आहे. पहिल्या भागाचा प्रारंभ त्याच आगगाडीने होतो. मुलीचे नाव व्हिक्टोरिया विंटर्स. ती अनाथ आहे, आणि मेन संस्थानातील कॉलिन्सपोर्ट नामक गावी, समुद्रावरच्या एका जुनाट प्रासादात मुलाला शिकवण्याच्या नोकरीवर रुजू होण्यास चालली आहे. त्या घराच्या स्वामिनीने अठरा वर्षांत उंबरठा ओलांडलेला नाही. ही भूमिका जोन बेनेट या हॉलिवुडच्या गाजलेल्या अभिनेत्रीने केली. आरंभी काही महिने कथा अशीच मंद, धुक्यातून चालल्यासारखी चालते. प्रेक्षक फारसे नव्हते, मालिका बंद पडण्याच्या बेतात होती. मग एप्रिल १९६७ मध्ये विली लूमिस नावाचा एक उडाणटप्पू दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या समाधिगृहात शिरतो, साखळदंडांनी बांधलेली एक शवपेटी उघडतो, आणि आतून आलेला एक हात त्याचा गळा धरतो. पावणेदोनशे वर्षांचे रक्तपिपासू पिशाच, बार्नबस कॉलिन्स, अशा रीतीने अवतीर्ण झाले. त्याला काही आठवड्यांतच मारून टाकण्याचा निर्मात्याचा मूळ मसुदा होता. परंतु लोकांनी त्याला मरू दिले नाही, आणि पुढची चार वर्षे मालिका त्याच्याच खांद्यावर उभी राहिली.

शेजारच्या बाई पुढे आठवड्यातून दोनदा दुपारच्या चहाला येऊ लागल्या. त्यांनीच मला सांगितले की पेटीतून आलेला तो पहिला हात बार्नबसची भूमिका करणाऱ्या जोनाथन फ्रिड यांचा नव्हेच, तो दुसऱ्याच एका नटाचा. फ्रिड हे कॅनडातल्या हॅमिल्टन गावचे, शेक्सपिअरची नाटके करणारे रंगभूमीवरचे नट. कॅलिफोर्नियाला जाऊन अध्यापनाचा पेशा धरावा अशा विचारात ते होते, आणि आपल्या बिऱ्हाडाचे दार उघडत असताना आत वाजत असलेला टेलिफोन त्यांनी धावत जाऊन उचलला म्हणून ही भूमिका त्यांना मिळाली. बाई हे सारे सांगत तेव्हा त्यांच्या बोलण्यात कुठेही कुचाळकी नसे. एखाद्या घराण्याची बखर मुखोद्गत असलेल्या माणसाने बारीकसारीक तपशिलासह ती सांगावी, तसे ते सांगणे असे.

चुकांचा उगम समजून घ्यायचा तर त्या काळची रीत समजून घ्यावी लागते. मॅनहॅटनमधल्या वेस्ट ५३व्या रस्त्यावर एका स्टुडिओत बहुतेक सारे काम चाले. सकाळी तालीम, आणि दुपारी त्या दिवसाचा भाग दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर अथपासून इतिपर्यंत सलग मुद्रित होई. जाहिरातींसाठी जेवढा अवकाश सोडायचा तेवढाच थांबा, मग पुन्हा पुढे. त्या फितीला कात्री लावणे हे अत्यंत खर्चाचे व जिकिरीचे काम होते. त्यामुळे नट वाक्य विसरला, दार उघडेना, मेणबत्ती पडली, मागे कोणी खोकले, तरी थांबायचे नाही असा जणू हुकूमच होता. आणि थांबण्याजोगी आपत्ती कोणती व पुढे रेटण्याजोगी कोणती, याचा निवाडा क्षणार्धात करावा लागे. हा निवाडा करणाऱ्या दिग्दर्शकांत लेला स्विफ्ट होत्या, अमेरिकी दूरचित्रवाणीवर दिग्दर्शन करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. आठवड्याला पाच भाग, वर्षानुवर्षे. ज्याने रोजचे काम रोज निकालात काढण्याची नोकरी केली आहे त्यालाच या ओझ्याची कल्पना येईल. रोजकीर्द रोज लिहावी लागते. शाई वाळायच्या आत दुसरा दिवस उजाडतो.

आणि चुका तर दर रात्री दिसू लागल्या. स्मशानाच्या दृश्यात एक स्त्री शोकाकुल होऊन समाधीच्या दगडाला टेकते आणि तो शतकभराचा दगड थर्मोकोलसारखा डुलतो. ती तत्क्षणी आपला भार काढून घेते, आणि उरलेला सगळा शोक दगडाला स्पर्श न करता, हात हवेत तसाच धरून पुरा करते. दिवाणखान्यात दोन पात्रे कुजबुजत असताना वरून ध्वनिग्राहकाचा लांब दांडा चौकटीत उतरतो, थबकतो, आपण दिसलो हे ध्यानी आल्यासारखा हळूच वर जातो. कधी तो स्वतः दिसत नाही, त्याची सावली मात्र भिंतीवरून, पूर्वजांच्या तसबिरींवरून सरकत जाते. एका रात्री बार्नबस फार गंभीर बोलत होता आणि एक माशी येऊन त्याच्या चेहऱ्यावर बसली. मी नातवाला खांद्यावर घेऊन थोपटत होते ती थांबले. माणूस म्हटला की हात आपोआप वर जातो. पण या नटाचा हात वर गेला नाही. पापणीही हलली नाही. माशी त्याच्या चेहऱ्यावरून चालत राहिली, तो बोलत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत एक विलक्षण करुण निग्रह गोळा झालेला मला स्वच्छ दिसला. ते दृश्य लिहिणाऱ्याने त्यात माशी लिहिली नव्हती. तरीही पिशाच झालेल्या माणसाचे एकाकीपण मला त्या दृश्यात जेवढे जाणवले तेवढे इतरत्र कोठेच जाणवले नाही.

फ्रिड यांना वाक्ये पाठ होण्यास फार सायास पडत. कॅमेऱ्याच्या बाजूला वाक्ये दाखवणारे यंत्र असे, आणि बोलता बोलता त्यांची दृष्टी समोरच्या पात्राच्या खांद्यावरून पलीकडे जाई, तेथे क्षणभर काही शोधी आणि परत येई. पहिल्या चार-पाच रात्री मला ते खटकले. पण हळूहळू असे ध्यानात आले की आपला मूळ स्वभाव लपवून सभ्य माणसांत वावरणाऱ्या, प्रत्येक वाक्य तोलून मापून बोलावे लागणाऱ्या, आज उघडे पडू की उद्या या धास्तीने जगणाऱ्या पात्राला हीच नजर हवी होती. खरोखरच धास्तावलेला एक माणूस धास्तावलेल्या माणसाचे काम करीत होता. पाठांतर पक्के असते तर हा बार्नबस एवढा मनात राहिला नसता, असे माझे ठाम मत आहे.

येथे कचेरीतली एक गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वारस नोंदीत माझ्या हातून मयत खातेदाराच्या धाकट्या मुलाचे नाव थोरल्याच्या जागी लिहिले गेले. घाबरून मी ब्लेडने कागद खरवडू लागले, तेवढ्यात आमचे अव्वल कारकून, निवृत्तीला आलेले, अत्यंत मितभाषी गृहस्थ, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, खरवडू नका. एकच आडवी रेघ मारा, वर बरोबर नाव लिहा, समासात सही करा. आणि रेघ अशी मारा, की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे.” ते माझ्यावर रागावले नाहीत, पण ते ब्लेड मात्र त्यांनी उचलून आपल्या खिशात टाकले. पुढे मी स्वतः अव्वल कारकून झाले, तेव्हा नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी हेच वाक्य सांगत आले. गिरवलेले किंवा खरवडलेले अक्षर दप्तरात संशय निर्माण करते. रेघ मारलेले अक्षर विश्वास निर्माण करते, कारण त्या जागी एक माणूस चुकला होता आणि त्याने ती चूक उघडपणे कबूल केली होती, हे पन्नास वर्षांनंतरही कोणाला वाचता येते.

‘डार्क शॅडोज’ची ती फीत माझ्या दृष्टीने असे एक दप्तर आहे. तिला ब्लेड लावण्याची सोय नव्हती. समाधीचा दगड डुलला तो डुललेलाच राहिला. त्या खालचे अक्षर आज वाचता येते. आणि ते वाचू गेल्यास काय दिसते? १९६७ सालच्या एका विशिष्ट दुपारी, एका विशिष्ट स्टुडिओत, दमलेली, पोटासाठी राबणारी, आपापल्या कामात निष्णात अशी काही माणसे खरोखर उपस्थित होती, हे दिसते. एका भागाच्या अखेरीस, श्रेयनामावली वर सरकत असताना, मागे रिकामा दिवाणखाना दिसतो आहे. आणि अचानक त्यात जोनाथन फ्रिड येतात, आपले कपडे हँगरवर घेतलेले, काम संपवून घरी निघालेल्या माणसाच्या सैल चालीने. दोन पावले आत आल्यावर कॅमेरा अद्याप चालू आहे हे त्यांच्या ध्यानी येते आणि ते झटकन बाजूला होतात. सगळा प्रसंग काही पळांचा. शेजारच्या बाईंनी तो मला मुद्दाम काढून दाखवला, आणि दाखवताना त्यांचे डोळे भरून आले. नऊ वर्षांची असताना, त्या म्हणाल्या, मला रात्री या माणसाची भीती वाटे, कपाटाचे दार बंद आहे ना हे मी दोनदा पाहात असे. आणि तो तर संध्याकाळी कपडे घेऊन घरी जात होता.

चुका शोधणारा प्रेक्षक छिद्रान्वेषी असतो, त्याला कलेचा आस्वाद घेता येत नाही, असे मानण्याचा एक प्रघात आहे. मला तो सर्वथा चुकीचा वाटतो. माझ्या सासूबाई ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ साली ईटीव्ही मराठीवर सुरू झाल्यापासून नियमाने पाहात. ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले, आणि रोहिणी हट्टंगडींची आशालता ही त्या काळात आमच्या घरातलीच कोणी ज्येष्ठ व्यक्ती असल्यासारखी झाली होती. त्याखेरीज आणखी दोन-तीन मालिका त्या पाहात. अशाच एका मालिकेत नवी सून देवीची ओटी भरते असे दृश्य होते. सासूबाई एकाएकी म्हणाल्या, “अगं, नारळ फिरला.” मी पाहिले तोवर दृश्य पुढे गेले होते. आधी नारळाची शेंडी देवीकडे होती, मग सुनेचा चेहरा जवळून दाखवला, आणि परत ताट दिसले तेव्हा शेंडी सुनेकडे झाली होती. दोन चित्रणांच्या मधल्या वेळात कोणीतरी ताट उचलले असेल, दिवे हलवले असतील, ताट परत ठेवताना फिरले असेल. मला वाटले, आता सासूबाई त्या मालिकेवर रागावणार, कारण ओटीच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. त्या काही वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “ती पोर सकाळपासून त्या शालूत उभी असेल. कुणी सांगितलं नसेल तिला.” दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला त्या पुन्हा पडद्यासमोर होत्या. नारळाची शेंडी कोणीकडे आहे हे ज्या बाईने पाहिले, तिनेच सुनेच्या पायांचा विचार केला. इतर कोणी ना शेंडी पाहिली, ना पाय.

चित्रणाच्या जागी ‘कंटिन्युइटी’ सांभाळणारा एक माणूस असतो. कोणत्या वाक्याला पेला उजव्या हातात होता, पदर खांद्यावर किती आला होता, घड्याळात किती वाजले होते, मेणबत्ती किती जळली होती, याची तो टिपणे ठेवतो. त्याचे काम बिनचूक झाले तर ते कोणालाही दिसत नाही, आणि एकदा चुकले की ते सर्वांना दिसते. माझे सारे आयुष्य अशा कामात गेले आहे. गावात वीस वर्षे तंटा झाला नाही, याचे श्रेय तलाठ्याच्या अक्षराला कोणी दिलेले मी ऐकले नाही.

मात्र सगळ्या चुका एका जातीच्या नसतात, आणि त्यांतल्या एका जातीला मी अजूनही क्षमा करू शकलेले नाही. आरंभीच्या भागांत जोसेट नावाच्या एका पूर्वज-स्त्रीची कथा वारंवार येते. ती जेरेमाया कॉलिन्सची पत्नी, विधवांच्या कड्यावरून तिने समुद्रात उडी घेतली, आणि हे सारे १८३० नंतरच्या दशकात घडले असे तेव्हा सांगितले जाते. पुढे नोव्हेंबर १९६७ मध्ये, प्रेतात्म्यांना बोलावण्याच्या एका बैठकीतून व्हिक्टोरिया गतकाळात फेकली जाते, आणि कथानक कित्येक महिने त्या काळातच वसते. पण तो काळ आता १७९५ आहे. आणि जोसेट आता बार्नबसची वाग्दत्त वधू म्हणून येते व अँजेलिक नावाच्या चेटकिणीच्या चेटकामुळे जेरेमायाशी लग्न करते. १७९५ची ती कथा मालिकेतील सर्वोत्कृष्ट भाग आहे, याविषयी मला संशय नाही. जे नट वर्तमानकाळात वंशज होते तेच येथे पूर्वज होऊन येतात, आणि एकाच रक्ताचे चेहरे पिढ्यांमागून परत येतात ही कल्पना त्यामुळे डोळ्यांना दिसते. परंतु जुनी हकीकत खोडली गेली, आणि ती खोडताना कोणी एक आडवी रेघसुद्धा मारली नाही. जोसेट कोणाची होती, केव्हा मेली, हे प्रेक्षकांनी ऐकलेले होते, मनात जपलेले होते. नव्या मजकुराने ते खरवडून काढले. लेखकांची अडचण मी जाणते. जुने भाग घरी बसून पुन्हा पाहण्याचे साधन तेव्हा कोणापाशीच नव्हते, रोजचा मजकूर रोज लिहावा लागे, आणि वर्ष-दीड वर्षापूर्वी कोणत्या पात्राच्या तोंडी कोणते साल घातले हे शोधत बसण्याची फुरसत कोणास असणार? तरी मेलेल्या माणसाची तारीख बदलणे हा साधा हस्तदोष नव्हे. सातबाऱ्यावर मयताचे नाव तीस-तीस वर्षे राहते, मेलेली माणसे कागदोपत्री नांगरत राहतात, हे मी पाहिले आहे आणि तेही मला सहन होई. पण एखाद्या मयताची नोंद कोणी गुपचूप फिरवली असे आढळले, की मला रात्री झोप येत नसे.

याच्या उलट एक गोष्ट मला फार सरळ वाटली. १९६७ मध्येच मालिकेतल्या बर्क डेव्हलिन या पात्राचे काम करणारे मिचेल रायन मालिका सोडून गेले आणि त्यांच्या जागी अँथनी जॉर्ज आले. तेव्हा निवेदकाच्या आवाजात चक्क सांगितले गेले की बर्क डेव्हलिनची भूमिका आता अँथनी जॉर्ज करतील. चेहरा वेगळा, उंची वेगळी, आवाज वेगळा. पण नोंद झाली, प्रेक्षकाला कळवले गेले, प्रकरण नियमित झाले. याला मी फेरफार म्हणते. आणि दुसऱ्या टोकाला त्याच देशातल्या ‘डॅलस’ मालिकेचे उदाहरण आहे, ज्यात १९८५ साली मेलेला बॉबी युइंग १९८६ च्या मे महिन्यात स्नानगृहात जिवंत उभा दिसला, आणि पुढे खुलासा असा झाला, की मधले वर्षभराचे सारे कथानक त्याच्या पूर्वपत्नीला पडलेले स्वप्न होते. एका वर्षाचे संपूर्ण दप्तर रद्द! ‘नॉट्स लँडिंग’ या भगिनी-मालिकेत मात्र तो मेलेलाच राहिला. तेथे कोणी ते स्वप्न मान्य केले नाही. लोकांनी वर्षभर रडून, बोलून, वाट पाहून जे मनापासून दिले होते, ते परत करण्याची कोणतीच तरतूद त्या खुलाशात नव्हती. तो अन्याय होता, असे मी म्हणेन.

शेजारच्या बाईंनी एका दुपारी मला एक वही दाखवली. गेली पंचवीस-तीस वर्षे भरत आणलेली, भागांच्या क्रमांकवार. कोणत्या भागात कोणाची सावली, कोठे कोणाचे नाव चुकले, कोणते दार बंद झाले नाही. अक्षर बारीक, ओळी सरळ, आणि दुरुस्ती असेल तेथे एकच आडवी रेघ. मी ती वही बराच वेळ हातात धरून बसले. तिच्या मागच्या पानावर एक हिशेब होता, आणि तो मला आजवर पाहिलेल्या कोणत्याही ताळेबंदाइतका सुंदर वाटला. शेवटच्या भागाचा क्रमांक १२४५. प्रत्यक्षात झालेले भाग १२२५. मधले वीस क्रमांक कोठे गेले? सुट्टीमुळे किंवा काही विशेष वृत्तामुळे ज्या दिवशी मालिका दाखवली जात नसे, त्या दिवसाचा क्रमांक वगळून पुढचा घेत, म्हणजे शुक्रवारच्या भागाचा अंक नेहमी पाचाने किंवा शून्याने संपावा. पाच वर्षे कोणीतरी कारकुनाने हा नियम पाळला. पिशाच, चेटकिणी, गतकाळात पडणारी माणसे, फिरणाऱ्या तारखा, डुलणारे दगड या सगळ्या गदारोळात शुक्रवार मात्र कधी चुकला नाही. त्या अज्ञात माणसाला मी मनोमन नमस्कार केला.

मार्चच्या अखेरीस बर्फ वितळू लागले तेव्हा बाईंनी आम्हाला मोटारीतून ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे नेले. कॉलिन्सपोर्ट नावाचे गाव मेनमध्ये नाही. गावाची दृश्ये कनेक्टिकटमधल्या एसेक्स येथे घेतलेली आहेत, आणि कॉलिन्स कुटुंबाचा प्रासाद म्हणून जो दिसतो तो न्यूपोर्टचा सी-व्ह्यू टेरेस. आम्ही तो रस्त्यावरूनच पाहिला. मालिकेतल्या दारातून आत गेले की जो जिना दिसतो तो या दगडी भिंतींच्या आत कधीच नव्हता. तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत होता. बार्नबस जेथे राहतो तो ‘जुना वाडा’ म्हणजे टॅरीटाउन येथील स्प्रॅट मॅन्शन. ती इमारत १९६९ साली जळून गेली, आणि स्टुडिओतला तिचा दिवाणखाना त्यानंतरही मेणबत्त्यांच्या प्रकाशात उभाच राहिला. नातू लेकीच्या कडेवर होता. वारा फार होता म्हणून आम्ही लवकर परतलो.

त्या काळच्या रोजच्या मालिकांच्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरीत; फीत महाग, आणि दुपारच्या मालिकेला दुसऱ्यांदा कोण पाहणार, असा हिशेब. ‘डार्क शॅडोज’च्या फिती जवळजवळ सगळ्या राहिल्या. काही रंगीत भागांची मूळ फीत गहाळ झाली, तेथे कृष्णधवल प्रत मिळाली. एकाच भागाची कोणतीही चित्रफीत सापडली नाही, क्रमांक १२१९. प्रेक्षकाला घरी चित्र उतरवून घेण्याची सोय तेव्हा नव्हती, आवाज उतरवून घेण्याची होती. मी परत निघण्याच्या आठवड्यात बाईंनी मला याच भागाची तबकडी आणून दिली. तीत स्थिर छायाचित्रे लावून तो भाग पुन्हा उभा केलेला आहे. मूळ मोजणी १२२५ भागांची आहे. त्यांपैकी १२२४ भागांचे चित्र शिल्लक आहे, आणि उरलेल्या एकाचा आवाज एका प्रेक्षकाने आपल्या घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या फितीवरून आलेला आहे.